छावणी उठल्यावर

पूर आला म्हणजे भिंती पडतात, भूकंप झाला म्हणजे घरें कोसळतात. त्यांचें छायाचित्र घेतां येतें आणि दुसऱ्या दिवशीं तें शहरांत घरोघरीं पोंचतें. दुष्काळाचें तसें नाहीं. दुष्काळांत गोठ्याची एकहि वीट हलत नाहीं, छप्पर जागच्या जागीं राहतें, दावणीचे खुंट जेथल्या तेथें रोवलेले असतात. रिकामी होते ती फक्त गव्हाण. परंतु गव्हाण रिकामी झाली कीं गोठा उभा असूनहि पडल्यासारखाच असतो. जनावराचा खरा निवारा म्हणजे वर्षभराची वैरण आणि पिण्याचें पाणी, डोक्यावरचा पत्रा त्यानंतरचा. नगर जिल्ह्यांतील गुरांच्या छावण्यांची हकीकत समजून घ्यावयाची तर ही एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी लागते. छावणी हा या पडलेल्या गोठ्याला दिलेला तात्पुरता टेकू होय. तो टेकू काढून घेतल्यावर गोठा पुनः कसा उभा राहतो, किती दिवसांत राहतो आणि कित्येकदां कां राहत नाहीं, हा प्रश्न मात्र छावणीइतका चर्चेंत येत नाहीं.

२०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें तो हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, सुमारें १७,००० चौरस किलोमीटरांचा आहे. त्याच्या पश्चिम टोंकाला अकोले तालुक्यांत कळसूबाईचें शिखर आहे. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रांत सर्वांत अधिक. त्याच मुलुखांत १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण आहे. तेथें पावसाळ्यांत माणूस पावसाला विटतो. पण डोंगरावर रिते झालेले ढग पूर्वेकडे येतात तेव्हां त्यांच्यापाशीं देण्यासारखें फार थोडें उरतें. पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगांव हे तालुके या पर्जन्यछायेंत पडतात. तेथें वर्षाकांठीं पांचसहाशें मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरें गेलें असें म्हणतात, आणि तेवढा पाऊसहि चारसहा दिवसांत कोसळून मोकळा होतो. या दोहोंच्या मध्यें प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या कालव्यांखालचा पट्टा आहे. तो उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, आशियांतील पहिला म्हणून ज्याची ख्याति आहे तो, १९५० सालीं याच पट्ट्यांत सुरू झाला.

जमिनीप्रमाणें जनावरेंहि तीन तऱ्हांचीं आहेत. अकोल्याकडे डांगी जातीचीं गुरें. त्यांच्या कातडीवर तेलकट अंश असल्यामुळें धो धो पावसांतहि तीं चरतात, आणि काळे कठीण खूर भातखाचरांत कुजत नाहींत. राजूरला त्यांचें प्रदर्शन भरतें. कालव्यांच्या पट्ट्यांत संकरित गाई. दूध भरपूर, खाणेंहि भरपूर. पूर्वेकडे खिल्लार वळणाचे बैल, गांवठी गाई, आणि मोठ्या संख्येनें शेळ्यामेंढ्या. दुष्काळ पडतो तो बहुधा पूर्वेला, चारा असतो तो मध्यें, आणि पाऊस पश्चिमेला. छावणीचें सारें गणित या विषम वांटणींतून निघालें आहे.

जुन्या काळीं या कोरड्या मुलुखाची वैरणीची व्यवस्था ज्वारीवर उभी होती. रब्बीची ज्वारी हें पीकच असें कीं कणीस माणसाचें आणि ताट जनावराचें. कणसें खुडून झालीं कीं कडब्याच्या पेंढ्या बांधावयाच्या, त्या शेकड्यानें मोजावयाच्या, आणि घराशेजारीं गंज रचावयाची. मुलगी देतांना पाहुणे ओसरीपेक्षां गंजीकडे आधीं पाहत, असें म्हातारीं माणसें सांगतात, आणि त्यांत अतिशयोक्ति फारशी नसावी. गंजीच्या जोडीला गांवाचें गायरान असे. तेंहि पुरेनासें झालें म्हणजे तिसरा उपाय, चालूं लागणें. पारनेर तालुक्यांतील ढवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरें घेऊन घाट उतरतात व कोंकणांत जातात. वाटेंत शेतांत मेंढरें बसवून खत देतात, त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतात, आणि मृगाच्या सुमारास परततात. हा एक चालता निवाराच आहे. त्याला भिंत नाहीं, छप्पर नाहीं, आणि नैसर्गिक आपत्तीचा त्याच्याइतका जुना अनुभवहि दुसऱ्या कोणापाशीं नाहीं.

शहरांतील वाचकाला जनावरांचा निवारा म्हटला कीं पांजरपोळ आठवेल. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें निघाला, आणि तशा संस्था पुढें अनेक गांवीं झाल्या. पांजरपोळांत जनावर येतें तें म्हातारें, लंगडें, टाकून दिलेलें. एकदां आलें म्हणजे मरेपर्यंत तेथेंच राहतें. छावणींतलें जनावर वेगळें. तें धन्याचें असतें, धनी त्याच्याजवळ असतो, आणि तें परत जावें हाच सारा उद्देश असतो. दोहोंत गल्लत केली कीं छावणीकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात.

छावणी निघाली कां, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें माणसांबरोबर गुरेंहि फार मेलीं. त्याच काळांत धोंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लागले, आणि १८७८ सालीं ती आगगाडी नगरवरून धांवूं लागली. पुढें दुष्काळसंहिता तयार झाली. तिच्यांत माणसांसाठीं कामें होतीं. गुरांसाठीं राखीव रानें चराईला मोकळीं करणें आणि गवत दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेनें धाडणें असे उपाय पुढें आले. यांतला दुसरा उपाय कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो नाहीं. गवत हलकें पण अवाढव्य. धान्याचें पोतें जेथें मावतें तेथें तितक्याच वजनाचें गवत मावत नाहीं; स्टेशनापासून गांवापर्यंत तें बैलगाडीनें न्यावयाचें, आणि गाडीचा बैलच उपाशी. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, ‘छप्पन्नाचा’ दुष्काळ गुजरातेंत गुरांचा सर्वनाश करून गेला. चांगल्या चराऊ मुलुखाची ही दशा, तर कोरड्या मुलुखाची काय कथा!

१९७२ सालीं हीच गोष्ट निराळ्या रीतीनें प्रत्ययास आली. त्या वर्षीं महाराष्ट्रांत माणसें जगलीं. खडी फोडण्याचीं, बंधाऱ्यांचीं, रस्त्यांचीं कामें निघालीं, सुकडी वांटली गेली, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो लोकांनीं नाक मुरडून कां होईना, खाल्ली. याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला. परंतु मिलो जहाजानें येऊं शकते, कडबा येऊं शकत नाहीं.  म्हणून विचार उलटा करावा लागला: चारा जनावरापाशीं नेतां येत नसेल, तर जनावर चाऱ्यापाशीं आणावें, निदान अशा एका जागीं आणावें कीं जेथवर मालमोटारी चारा घेऊन येऊं शकतील आणि जेथें पाण्याचा टँकर उभा राहूं शकेल. हीच छावणी.

२०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ असे तीन कोरडे फेरे या भागानें लागोपाठ पाहिले. शेवटच्या खेपेला, २०१९ च्या उन्हाळ्यांत, महाराष्ट्रांत सुमारें दीड हजार छावण्या होत्या आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरें होतीं. नगर व बीड हे दोन जिल्हे त्यांत अग्रभागीं होते. छावणी चालविणारी संस्था स्थानिक असे: सहकारी सोसायटी, दूधसंघ, एखादें मंडळ. सरकार दर जनावरामागें दर दिवशीं ठराविक रक्कम देई. मोठ्या जनावराला आरंभीं ७० रुपये, लहानाला ३५. उन्हाळा चढत गेला तशी ती वाढवून १०० व ५० पर्यंत नेण्यांत आली. जनावराच्या कानांत बारा आंकडी पिंवळा बिल्ला. हजेरी रोजची. जनावरें खोटीं दाखवून पैसे उचलल्याच्या तक्रारी जवळजवळ प्रत्येक दुष्काळांत होतात, आणि त्या सगळ्याच निराधार असतात असेंहि नाहीं. बिल्ला व हजेरी हे त्यावरचेच उपाय.

प्रत्यक्ष छावणी म्हणजे उजाड माळावर बांबू रोवून वर हिरवी जाळी किंवा पाचट टाकलेल्या लांबच लांब रांगा. एकेका कुटुंबाची एक दावण. दावणीशेजारीं बाज, चूल, पाण्याचें पिंप. घरांतलें एक माणूस गांवीं राहतें, एक येथें. बहुतेक वेळां येथें राहणारी बाई असते किंवा म्हातारा असतो. पहांटे शेण उचलावयाचें, मग चारा येण्याची वाट पाहावयाची, तो मोजून घ्यावयाचा, कोयत्यानें तोडावयाचा, पाणी पाजावयाचें, दुपारीं जनावर उन्हांतून सावलींत सरकवावयाचें. मुलें शाळेचीं पुस्तकें घेऊन तेथेंच बसतात. इतकीं जनावरें एका जागीं आलीं म्हणजे लाळ-खुरकूत व घटसर्प यांचें भय असतें. पाऊस लागण्याआधीं लस टोंचून घेणें हें त्यामुळें छावणींतलें एक मोठें काम होऊन बसतें.

आतां त्या चाऱ्याचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण पुढचें सारें दुखणें त्यांतच आहे. नियमानें मोठ्या जनावरास दिवसाला १५ किलो हिरवा चारा, किंवा वाळलेला असेल तर ६ किलो, आणि आठवड्यांतून कांहीं दिवस थोडी पेंड, असें सुरुवातीचें प्रमाण होतें. हिरवा चारा म्हणजे येथें बहुशः ऊस आणि उसाचें वाढें. पंधरा किलो हा आंकडा मोठा वाटतो. परंतु हिरव्या वाढ्यांत पाण्याचा भाग पुष्कळ. पंधरा किलोंतून पाणी वजा केलें तर हातीं चारसाडेचार किलो कोरडा अंश लागतो. चारशें किलो वजनाच्या गाईला तब्येत राखून थोडें दूध द्यावयाचें तर दिवसाला दहा किलोंच्या आसपास कोरडा चारा लागतो. म्हणजे छावणी जनावराला निम्म्याहून कमी पोटावर ठेवते. शिवाय वाढ्यांत ऑक्झलेट नांवाचें द्रव्य असतें. तें जनावराच्या अंगांतील चुना बांधून टाकतें. त्यासाठीं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी किंवा क्षारांचें मिश्रण द्यावें असें पशुवैद्य सांगतात. जेथें हें होत नाहीं तेथें तीनचार महिन्यांत हाडें उघडीं पडतात आणि गाय माजावर येईनाशी होते.

येथें छावणीला दोष देण्याचें कारण नाहीं. ती जगविण्यासाठीं काढलेली असते आणि जगविते. चूक होते ती जगणें म्हणजेच सावरणें असें मानण्यांत. पुण्यामुंबईच्या घरांत सकाळचें दूध त्या उन्हाळ्यांतहि येत राहिलें. कालव्यांच्या पट्ट्यांतून, दुसऱ्या जिल्ह्यांतून, भुकटींतून तें भरून निघालें. त्यामुळें शहरांतल्या माणसाला दुष्काळ उन्हाळ्यांत सुरू होऊन पहिल्या पावसाबरोबर संपला असें वाटलें तर नवल नाहीं. गोठ्यांतला दुष्काळ त्या दिवशीं संपत नाहीं. कांहीं बाबतींत तो त्या दिवशीं सुरू होतो.

पाऊस पडला, ओढा वाहिला, कीं छावणी बंद करण्याचा हुकूम येतो. पण गवत हुकुमानें उगवत नाहीं. बरा पाऊस झाल्यावरहि कापण्याजोगें गवत व्हावयास तीनचार आठवडे लागतात. पेरलेल्या मक्याला किंवा कडवळाला दोन महिने. या मधल्या दिवसांत अशक्त जनावर घरीं येतें आणि बांधावरच्या लुसलुशीत कोवळ्या पाल्यावर तुटून पडतें. महिनोन्‌महिने पाचटासारखें खरबड खाल्लेल्या पोटाला हा पालट सोसत नाहीं. पोट फुगतें, हगवण लागते, मेंढ्यांना आंत्रविषार होतो. त्याहून घातक म्हणजे ज्वारीचे कोवळे फुटवे. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारींत एक विषारी आम्ल तयार होतें. जनावरानें तिचा थोडा घांस घेतला तरी तें धापा टाकूं लागतें व तासाभरांत मरूं शकतें. याला शेतकरी ‘किराळ लागणें’ म्हणतात. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत तींत जनावर सोडूं नये हें पूर्वीं पोराटोरांना ठाऊक असे. छावणींत एवढे महिने सांभाळलेली गाय घरीं आल्यावर आठवड्याच्या आंत किराळानें जावी, यासारखें दुर्दैव नाहीं. आणि छावणी आणखी तीन आठवडे चालली असती तर तें टळलें असतें, हें कोणत्याहि हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं.

जें जनावर यांतूनहि वांचतें, त्याचें सावरणें कसें होतें तें महिन्यांवर मोजून पाहण्यासारखें आहे. जुलैंत गाय घरीं आली असें धरावें. हाडांवर मांस चढून ती पुनः माजावर यावयास, बरें खाणें मिळालें तर, तीनचार महिने जातात. दिवाळीच्या सुमारास ती गाभण राहिली, तर गाईचे दिवस सुमारें २८० म्हणून वितें तें पुढच्या वर्षींच्या भर पावसाळ्यांत. म्हणजे दुष्काळ संपल्यावर पुरें एक वर्ष त्या घरांत दूध नाहीं, खाणें मात्र रोजचें आहे. म्हैस असली तर आणखी एक महिना. आणि गाय विकलीच गेली असेल, पैशाअभावीं लहान कालवड घेऊन पुनः आरंभ करावा लागला असेल, तर ती कालवड पहिल्यांदा वेण्यास अडीचतीन वर्षें. आतां पुनः मागचीं सालें पाहावींत: २०१२, २०१५, २०१८. तीन तीन वर्षांचें अंतर. गोठा भरावयास जितका काळ लागतो, तितक्याच काळानें पुढचा दुष्काळ दारांत येऊन उभा राहिला. एकेका दुष्काळाची मदत वेगळी मोजली तर ती पुरेशी भासेल. पण ज्या घरानें तिन्ही सोसले त्याला एकाहि खेपेस पूर्ण उभें राहावयास अवसर मिळालेला नाहीं.

विक्रीचेंहि असेंच उफराटें असतें. घोडेगांवचा म्हशींचा बाजार, लोणीचा गाईंचा, काष्टीचा बैलांचा. हे या जिल्ह्यांतील नांवाजलेले बाजार. दुष्काळाच्या वर्षीं फेब्रुवारीपासून तेथें विकणारांची गर्दी होते व भाव कोसळतात. पाऊस पडल्यावर तीच माणसें घेणारी होऊन येतात, तेव्हां भाव चढलेले असतात. या दोन भावांमधली तफावत हा दुष्काळाचा खरा कर आहे, आणि तो ज्याच्यापाशीं चारा नसतो त्यालाच भरावा लागतो. त्यांत २०१५ सालापासून गाईंप्रमाणें बैल व वळू यांच्या कत्तलीसहि महाराष्ट्रांत कायद्यानें बंदी झाली. त्या कायद्याच्या बाजूनें व विरुद्ध पुष्कळ बोललें गेलें आहे. येथें एवढेंच नोंदलें पाहिजे कीं म्हाताऱ्या बैलाला बाजारांत गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि दुष्काळांत त्याचें ओझें शेतकऱ्याच्या गव्हाणीवर किंवा गोशाळेवर येऊन पडलें. गोशाळांना त्या प्रमाणांत चारा कोठून मिळावा, याचा विचार मागाहूनच झाला.

निसर्गाचा विनोद असा कीं सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्याबरोबर नगरच्या याच पूर्व भागावर अतिवृष्टि झाली. ज्या तालुक्यांनीं सहा वर्षांपूर्वीं टँकरच्या पाण्यावर जनावरें जगविलीं, त्यांच्या ओढ्यांना पूर आले. दावणीला बांधलेलीं जनावरें सुटूं न शकल्यामुळें जागीं बुडालीं, साठवलेला चारा भिजला. पुराच्या नुकसानीला निदान पंचनामा होतो. २०२२ ते २०२६ या काळासाठीं ठरलेल्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागें ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलामागें ३२,०००, वासरामागें २०,००० आणि शेळी-मेंढीमागें ४,००० अशी मदत सांगितली आहे, तीहि ठराविक संख्येपर्यंत. चांगल्या दुभत्या संकरित गाईची किंमत कित्येकदां याच्या दुप्पट असते. आणि घराला लागून असलेला गोठा पडला तर त्यासाठीं रक्कम आहे ३,००० रुपये. तीन हजारांत चार पत्रे आणि त्यांखालचे दोन वांसे आले तर पुष्कळ. भिजून कुजलेल्या गंजीचें तर या निकषांत नांवहि शोधून सांपडत नाहीं. आणि गोठ्याची किंमत ठरविणारी वस्तु तीच आहे, हें वर आलेंच आहे.

मग गोठा खरोखर पुनः उभा राहिला अशीं उदाहरणें आहेत कीं नाहींत? आहेत, आणि तीं याच जिल्ह्यांत आहेत. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव १९८९ पर्यंत इतकें उजाड होतें कीं सरकारी नोकराला तेथील बदली शिक्षेसारखी वाटे. पाऊस चारशें मिलिमीटरांच्या आसपास, डोंगर बोडके, तरुण माणसें मुंबईला. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गांवानें डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले आणि दोन कुलपें लावलीं: कुऱ्हाडबंदी व चराईबंदी. रानांत जनावर सोडावयाचें नाहीं; गवत वाढूं द्यावयाचें, मग ठरलेली फी भरून विळ्यानें कापून न्यावयाचें. बोअरचें पाणी शेतीला घ्यावयाचें नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, आणि दर वर्षीं पाऊस मोजून त्याप्रमाणें पिकें ठरवावयाचीं. पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धीनें त्याआधींच असाच मार्ग धरला होता. हिवरे बाजारांत दिवसाला दीडशें लिटर निघणारें दूध पुढें चार हजार लिटरांपर्यंत गेलें असें नमूद आहे. हें दूध संकरित गाईंतून आलें हें खरें. पण संकरित गाई पूर्वींहि विकत मिळत होत्याच. नव्हतें तें गवत.

बंद केलेल्या रानांत काय घडतें तें पाहण्यासारखें असतें. सतत चरलेल्या माळावर मारवेल, पवना, डोंगरी हीं गोड गवतें आधीं नाहींशीं होतात, कारण जनावर तींच आधीं खातें; उरते ती कुसळी, जी पिकल्यावर मेंढीच्या लोकरींत शिरून कातडींत रुतते. रान दोनतीन पावसाळे बंद राहिलें कीं मुळांत जीव धरून बसलेलीं चांगलीं गवतें पुनः डोकें वर काढतात. बी टाकलें तर लवकर, न टाकलें तर उशिरां. नेमके हेच पहिले दोनतीन पावसाळे कठीण. चराईबंदीची किंमत त्या काळांत कोणी मोजावयाची? ज्याच्या घरीं जमीन आहे, विहीर आहे, तो गोठ्यांत चारा घालूं शकतो. दोन शेळ्यांवर संसार चालविणारी भूमिहीन बाई आणि माळावर मेंढरें फिरविणारा धनगर यांना बंद रान म्हणजे बंद दार. पाणलोटाच्या कामांत पुष्कळ ठिकाणीं भांडणें झालीं तीं याच मुद्यावर. जेथें गांवानें टप्प्याटप्प्यानें रान बंद केलें, एक भाग झांकून दुसरा मोकळा ठेवला, आणि कापणीच्या गवतांत भूमिहीनांचा वांटा आधीं ठरविला, तेथें बंदी टिकली. हा वांटा न ठरवितां केलेली बंदी रात्रीं चोरून मोडली जाते, आणि ती मोडणारांना केवळ चोर म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

गवताच्या जोडीला सांठवण आली पाहिजे. राहुरीला १९६८ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथें निघालेलें ‘फुले जयवंत’ हें संकरित नेपियर गवत पाणी असेल तेथें वर्षांतून अनेक कापण्या देतें. कोरड्या गांवांत त्याचा उपयोग मर्यादित. तेथें बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि माळावर अंजन गवत हेंच बरें. मुरघास हा प्रकार मात्र दोन्ही ठिकाणीं चालण्याजोगा आहे. मक्याचा दाणा चिकांत असतां ताट कापावयाचें, त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावयाचे, खड्ड्यांत किंवा जाड पिशवींत हवा राहूं न देतां दाबून भरावयाचे आणि तोंड बंद करावयाचें. दीड महिन्यांत तें आंबून टिकाऊ होतें व हवा लागूं दिली नाहीं तर वर्ष वर्ष राहतें. लोणचें घालणाऱ्या घरांत याहून अधिक समजावून सांगावें लागूं नये. नुसतें भुसकट किंवा वाळलेला पेंढा असेल तर त्याच्या १०० किलोंवर ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत विरघळवून सारखा शिंपडतात, झांकून ठेवतात आणि २१ दिवसांनीं उघडतात. त्यायोगें निकस चारा पचूं लागतो. प्रमाण चुकलें तर हाच युरिया विष होतो, म्हणून पहिल्या खेपेस जाणत्या माणसासमोर करावें.

हें सगळें ठाऊक असून होत कां नाहीं, याचें उत्तर अज्ञान हें नव्हे. चार महिन्यांच्या टंचाईसाठीं एका मोठ्या जनावराला, रोजच्या सहा किलोंच्याच हिशेबानें, ७२० किलो वाळलेली वैरण लागते. दोन जनावरांना दीड टनाच्या आसपास. एवढी वैरण सुगींत विकत घेऊन वर्षभर अडकवून ठेवावयास पैसा हवा. ज्वारीच्या जागीं कांदा व इतर नगदी पिकें आल्यामुळें कडबाच घरचा उरलेला नाहीं; जो पिकतो तो मार्चांत पैशाच्या निकडीनें विकला जातो आणि मे महिन्यांत दुप्पट भावानें परत घ्यावा लागतो. गांवच्या सोसायटीनें मार्चांत कडबा विकत घेऊन आपल्या वखारींत ठेवला आणि मे महिन्यांत खर्चापुरता चढ घेऊन त्याच लोकांना दिला, तर छावणीवर एका उन्हाळ्यांत जाणाऱ्या पैशाच्या लहान अंशांत ही व्यवस्था उभी राहूं शकेल. छावणीवरचा खर्च दुष्काळ जाहीर झाल्यावर मंजूर होतो. कडबा विकत घेण्याची वेळ मात्र दुष्काळ जाहीर होण्याच्या कितीतरी आधीं, सुगी बरी असते त्या वर्षीं येते, आणि त्या वर्षीं कोणाच्याहि मनांत दुष्काळ नसतो.

रब्बीची ज्वारी पूर्वेकडच्या तालुक्यांत शिमग्याच्या आगेंमागें निघते. त्या दिवसांत कर्जत-जामखेडकडे गेलें म्हणजे घरोघरीं नव्या गंजी रचलेल्या दिसतात. कांहीं छपराइतक्या उंच, कांहीं कंबरेएवढ्या. कंबरेएवढी गंज असलेल्या घरचा माणूस पेंढ्या मोजून महिना सांगतो: वैशाखापर्यंत पुरेल, फार तर ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मृगाचें नक्षत्र त्यानंतर लागतें.